झंझावात आजोबांचे हात

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला असं सांगण्यात आलं की माझे हात म्हातारे दिसत नाहीत. सांगणारी बाई पस्तिशीची. बाजारात वांगी निवडावीत तसे तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "छान आहेत, पण वय दिसत नाही. रंगवून घे." मग मेकअप करणारा (त्याला मी पहिल्या दिवसापासून रंगारी म्हणतो, आणि आता तो ओही देतो) दीड तास खपून माझ्या म्हाताऱ्या हातांवर म्हातारपण चढवत बसला. समोर भिंतीवर एक कागद टाचलेला. त्यावर दोन हातांचं चित्र आणि कुठे किती डाग हवेत त्याच्या खुणा. माझ्या डाव्या हातावर वीस वर्षांपासूनचा एक डाग आहे. तो त्यानं झाकून टाकला, कारण कागदावर तो नव्हता.

हे सगळं काय प्रकरण आहे ते नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याला चळ लागला.

'झंझावात आजोबा' नावाची मुलांची विनोदी मालिका आहे. संध्याकाळी, शाळा सुटून पोरं घरी आली की लागते. ऐंशी वर्षांचे एक आजोबा आणि त्यांचं जुनं मनगटी घड्याळ. घड्याळाची चावी फिरवली की अंगावर जांभळा झगा येतो आणि आजोबा उडतात. उडतात म्हणजे आधी कंबर धरतात, मग कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात, मग "थांबा रे चोरांनो, गुडघा वाजला" म्हणतात आणि मग उडतात. चोर तोवर थांबतात. फार सभ्य चोर आहेत या मालिकेतले.

आजोबांचं काम करणारा नट बत्तीस वर्षांचा आहे. तोंडावर रबर, डोक्यावर पांढरा टोप, पोटाला उशी. लांबून बेमालूम दिसतो. पण हात जवळून दाखवले की चिकटवलेल्या सुरकुत्यांना भेगा पडतात, म्हणून त्यांना एक खरा म्हातारा हवा होता, फक्त मनगटापर्यंत. आणि तो खरा म्हातारा त्या खोट्या म्हाताऱ्याशी जुळायला हवा होता. म्हणून ते डाग.

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. सेहेचाळीस वर्षं झाली. गल्लीच्या तोंडाशी, सहा फूट बाय आठ फूट, खिडकीला लागून एक टेबल, त्यावर दिवा. मुलगा या धंद्यात आला नाही. त्याला घड्याळात फक्त किती वाजले तेवढंच दिसतं. नात मात्र वेगळी निघाली. नऊ वर्षांची आहे. एकदा बोलायला लागली की किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी बोलतच सुटते, म्हणून मी तिला किल्ली म्हणतो. शाळेतून ती थेट दुकानात येते, उंच स्टुलावर चढते आणि माझं दुसरं भिंग डोळ्याला लावते. मागचं झाकण उघडणं, आतली चाकं काढून धुणं, काटे बसवणं, हे तिला येतं. शेवटचं तेवढं राहिलं आहे. घड्याळाच्या पोटात केसाहून बारीक एक स्प्रिंग असते. ती सरळ करायला शिकला तो कारागीर, बाकीचे नुसते सेल बदलणारे. ती शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

आता जे मी घरी कोणालाच कळू दिलं नव्हतं ते सांगतो. गेले सात महिने माझा उजवा हात कापतो.

खूप नाही. अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप एकमेकांवर फिरत राहतात, चिमटीत काही चोळत असल्यासारखी. गंमत अशी की हातात काम असलं की थांबतं, हात रिकामा ठेवला की सुरू होतं. म्हणून मी हात रिकामा ठेवतच नाही. चिमटा धरतो, रुमाल धरतो, नाहीतर खिशात घालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मी सात महिने झाकून आहे. पण काम आता पहिल्यासारखं होत नाही. बारीक स्क्रू एका झटक्यात बसायचा, तो दोनदा निसटतो. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून लांबच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, वाढत जाईल, पण हळूहळू. वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही. गोळ्या दिल्या. त्या मी भिंगाच्या डबीत ठेवतो.

मुलाला सांगितलं नाही, त्याला कारण आहे. मागे एकदा तो म्हणाला होता, "बाबा, ज्या दिवशी हात थरथरेल त्या दिवशी दुकान बंद करायचं. मला शब्द द्या." तेव्हा हात दगडासारखा होता. दिला शब्द. देणाऱ्याचं काय जातं! तो वाईट नाही हो, त्याला माझी काळजी वाटते. पण दुकान बंद झालं की किल्लीचं शिकणं संपलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर घड्याळ उघडायला सूनबाई काही परवानगी द्यायची नाही. म्हणून मला एवढंच हवं होतं, की हाताचं कोणाला कळायच्या आत ती स्प्रिंग पोरीच्या बोटांत उतरावी. आणि किल्लीला तर कळायलाच नको होतं. तिच्या लेखी माझ्या हातांसारखे हात जगात नाहीत.

आणि थरथर सुरू होऊन तीन महिने झाले होते, नेमका तेव्हाच त्या मालिकेचा एक माणूस दुकानात आला. घड्याळ घेऊन. चावी तुटली होती. तुटणारच, दोनशे वेळा उलटी फिरवली होती. मी चावी बसवत असताना तो घड्याळाकडे सोडून माझ्या हातांकडे बघत होता.

"काका, तुमचे हात टीव्हीवर द्याल का? आठवड्यातून तीन दुपारी."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. तेवढ्यात किल्ली स्टुलावरून पडली. आनंदानं. "झंझावात आजोबांचे हात! म्हणजे माझे आजोबा झंझावात आजोबा!" मी हो म्हणेपर्यंत ती गल्लीत चार घरी सांगून आली होती. तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून मी हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

पहिल्याच दुपारी खरं काम कळलं.

"काका, साधं आहे," बाई म्हणाल्या. माझे हात वांग्यांसारखे पारखणाऱ्या त्याच, मालिकेच्या दिग्दर्शिका. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. "बोटं कापत कापत चावीकडे जातात. तीनदा चुकतात. चौथ्यांदा चावी फिरते. तीनदा चुकलं की मुलं हसतात."

"दोनदा चुकलं तर?"

"नाही हसत."

मी हात पुढे केला. आणि बोटांनी चावी पहिल्याच फटक्यात पकडली. सेहेचाळीस वर्षं ती बोटं एवढंच करत आली आहेत, त्यांना चुकायचं कसं ते कोणी शिकवलेलंच नाही. बाईंनी शिट्टी फुंकली. "काका, कापवा." पुन्हा पकडली. "कापवा ना!" पुन्हा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अठरा माणसं, चार दिवे आणि दोन कॅमेरे घेऊन ही बाई थरथर शोधत होती, आणि ती माझ्या बोटांत होती. पण ती मी कशी दाखवू? एकदा सोडली आणि परत आवरता आली नाही तर? संध्याकाळी तीच बोटं घरोघरी दिसणार, आमच्या घरी माझ्या मुलालासुद्धा. म्हणून मी दात आवळून हात घट्ट ठेवायचो, आणि बाई समोर डोकं धरून बसायच्या.

त्यांनी काय काय केलं ते ऐका. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या देऊन दहा मिनिटं उभं केलं, म्हणजे हात थकून कापेल. खांदे आखडले, बोटं तशीच. मग एका दिवेवाल्याला टेबलाखाली झोपवून माझं कोपर हलवायला लावलं. बाई पडद्यावर बघून म्हणाल्या, "टेबलाखाली मांजर शिरल्यासारखं दिसतंय." मग त्या नटानं शिकवणी घेतली. बिचारा सज्जन माणूस. पोटावरची उशी सावरत शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, मनगट सैल सोडा. मी आता कागद आहे आणि खिडकी उघडी आहे असं समजा." आणि त्यानं दोन्ही हात असे फडफडवले की कबुतरं लाजतील. बत्तीस वर्षांचं पोर मला म्हातारं कसं व्हायचं ते शिकवत होतं. माझ्या मनात आलं, बाळा, जरा दम धर, तुझ्यावरही वेळ येईल. पण बोललो नाही. त्याची चूक काय?

शेवटी त्यांनी तोड काढली. तीनदा चुकणारे हात लांबून नटाचे घ्यायचे आणि चौथ्यांदा चावी फिरवणारा हात जवळून माझा. असे चार महिने गेले. आठवड्यातल्या तीन दुपारी दुकानावर 'उद्या या' ची पाटी, आणि घरी मी दमून आलो की किल्ली दारात उभी. "आज काय काय केलंत?" मी म्हणायचो, "एकदा चावी फिरवली." ती तेवढ्यानंही खूश.

तिच्या शाळेत थरथर करायची साथच आली होती. डबा उघडताना थरथर, पाटीवर लिहिताना थरथर. जेवताना तीही हात फडफडवून दाखवायची आणि सगळ्यांना हसवायची. "पण आमच्या आजोबांना नाही येत हं असं! बाई त्यांना रोज ओरडतात. त्यांचे हात कापतच नाहीत!" मुलगा हसून म्हणायचा, "बाबा निवृत्त व्हायला तयार नाहीत, हात कसे होतील?" मी उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हातानं पाणी प्यायचो.

आणि मग तो खास भाग आला. आजोबांचं घड्याळ बिघडतं. चोर समोर उभे, आणि आजोबा टेबलावर घड्याळ उघडून बसतात. स्क्रू निसटतो, चाक घरंगळतं, भिंग चहात पडतं. पूर्ण चार मिनिटं नुसते हात, आणि सगळे जवळून. आता लांबून नटाचे हात घेऊन चालणार नव्हतं. त्याच दिवशी किल्लीच्या शाळेला सुट्टी होती, आणि ती मला घेऊन चला म्हणून दोन दिवस डोक्यावर मिरे वाटत होती. नेलं.

बाईंनी तिला आपल्याच शेजारी, पडद्यासमोर खुर्ची दिली. हातात बिस्किटांचा पुडा. ती पाय हलवत बसली.

पहिला टेक. मी स्क्रूड्रायव्हर उचलला, स्क्रूवर टेकवला, फिरवला, स्क्रू निघाला. शिट्टी. दुसरा टेक. निघाला. शिट्टी. खरं सांगतो, मला चुकायचं होतं. पण चुकायचं म्हटलं की बोटं जास्तच जपून चालायची. सहाव्या टेकला स्क्रू आपण होऊन निसटला, तर तो नेमका एकदाच, आणि मी सवयीनं तो टेबलावरून पडायच्या आत झेलला. सगळे हसले. किल्लीनं टाळ्या वाजवल्या. "बघा!" ती बाईंना म्हणाली. "मी सांगितलं होतं ना!"

सतरा टेक झाले. दिव्यांच्या उष्णतेनं हातावरचे डाग पाघळायला लागले. रंगारी धावत येऊन पुन्हा कागद बघून डाग लावून गेला. एकोणिसाव्या टेकनंतर बाईंनी शिट्टी फुंकली नाही. त्या उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि मऊ आवाजात बोलायला लागल्या. ओरडत होत्या ते बरं होतं.

"काका, अठरा माणसं थांबलीत. मी तुम्हाला काही अवघड मागत नाहीये. तुमच्या वयाचे सगळे करतात ते मागतेय. लहान मुलांना हसायचंय, बस. खरं सांगू का? तुम्हाला म्हातारपण जमत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिने हात खिशात, मांडीखाली, रुमालात. सात महिने मुलाच्या नजरेसमोर डाव्या हातानं चहा. आणि ही बाई म्हणते मला जमत नाही! मनात म्हटलं, बघायचंच आहे ना? बघा. सगळे बघा. दमलो होतो मी, दुसरं काही नाही. ओझं धरून धरून माणूस शेवटी ते कुठेही टाकतो, तसं झालं.

"चालू करा," मी म्हणालो.

मी उजवा हात घड्याळाशेजारी ठेवला, रिकामा, आणि सोडून दिला. अंगठा आणि बोट चालू झाले. हळू, एका लयीत, थांबायचं नाव नाही. माझे कान तापले होते. चारचौघांत अंगावरचे कपडे काढल्यासारखं वाटत होतं. मग मी स्क्रूड्रायव्हर उचलला, तशी थरथर थांबली. खाली ठेवला, पुन्हा सुरू. मला किल्लीकडे बघायचा धीर होईना.

शिट्टी वाजली.

"नाही नाही, काका, हे खोटं वाटतंय!" बाई पडद्यासमोरून ओरडल्या. "हात ठेवलाय तेव्हा कापतोय आणि उचलला की थांबतोय! उलटं आहे हे. असं कुठे असतं? आणि एकच बोट काय हलवताय? अख्खा हात हवा!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. किल्ली खुर्चीवरून उडी मारून माझ्याकडे आली. "आजोबा, तसं नाही, असं," ती म्हणाली आणि तिनं दोन्ही हात फडफडवले. "मनगट सैल सोडायचं!" आता सगळेच हसले. बाई म्हणाल्या, "बघा काका, नऊ वर्षांच्या मुलीला जमतंय." आणि त्यांनी ठरवलं की हा प्रसंगच बदलायचा. आजोबा घड्याळ दुरुस्त करायला बसतात आणि बसल्या बसल्या झोपी जातात. हातांचं काम संपलं.

मी नळावर हात धूत होतो. तेल लावून डाग काढायचे असतात. सगळे निघाले, डाव्या हातावरचा एक निघेना. तो माझा होता. शेजारी तो नट येऊन उभा राहिला. टोप काढलेला, तोंडावर अर्धं रबर, अर्धा तरुण, अर्धा म्हातारा.

"काका," तो हळूच म्हणाला, "कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"हे काम मिळालं तेव्हा मी तीन महिने रोज एका बागेत जाऊन बसायचो. म्हातारी माणसं बघायला. दोघांचे हात असे होते. ठेवले की कापायचे, उचलले की थांबायचे. मी मालिकेत मुद्दाम तसं करत नाही. ते हसण्यासारखं नसतं."

"तुम्ही तुमचं काम बघा," मी म्हणालो. उगाचच चिडून. त्या अख्ख्या इमारतीत एका माणसाला डोळे होते, आणि मी त्याच्यावरच डाफरलो.

तो चिडला नाही. "घरी सांगा एवढंच," म्हणाला आणि गेला.

परत येताना किल्लीची बडबड चालू होती. "बाईंना कळतच नाही. तुमच्या हातांना कापायला येत नाही म्हणजे येत नाही. उद्या मी वर्गात सांगणार, एकोणीस वेळा करून पण नाही आलं!"

"विसाव्या वेळी कापला होता."

"तो कुठे! तो खोटा होता. बाईच म्हणाल्या."

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं होतं तसं राहिलं असतं. बाईंनी एका वाक्यात माझं गुपित पक्कं करून दिलं होतं. अठरा माणसांसमोर, कॅमेऱ्यासमोर हात कापला आणि तो कोणी खरा मानला नाही. मला तर आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण मी जळत होतो. बाईंनी मानलं नाही त्याचं मला काही नाही, त्या घड्याळवाल्या नव्हेत. पण ही पोर रोज माझ्याशेजारी बसून हे हात बघते. हिला बाईंच्या तोंडून कळणार की खरं काय आणि खोटं काय? मग मी हिला शिकवलं काय?

दुकान उघडलं. दिवा लावला. ती सवयीनं स्टुलावर चढली. मी टेबलावर उजवा हात ठेवला.

"बिघडलेलं घड्याळ आलं की आपण आधी काय करतो?"

"हात लावायचा नाही. पाच मिनिटं नुसतं बघायचं."

"मग बघ."

अंगठा फिरायला लागला. ती हसली. "आजोबा, पुरे! कट!"

"बघत राहा."

ती बघत राहिली. आधी ओठांवर हसू होतं. मग ते कमी कमी होत गेलं. तिनं मान वाकडी केली, खाली वाकून बघितलं. तिनं चिमटा उचलून माझ्या बोटांत दिला. थरथर थांबली. तिनं चिमटा काढून घेतला. सुरू झाली. पुन्हा दिला. पुन्हा काढला. अगदी मी शिकवलं होतं तसं, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

"धरलं की थांबतं," ती म्हणाली.

"हो."

"ठेवलं की चालू."

"हो."

"म्हणजे बाईंचं चुकलं."

"हो."

"तुम्ही थांबवा ना आता."

"मला थांबवता येत नाही."

तिनं हात धरून पाहिला, दोन्ही हातांनी दाबून. तिच्या तळव्यांखालीसुद्धा अंगठा चालूच होता. "कधीपासून?"

"सात महिने झाले."

"बरं होणार?"

"नाही. वाढणार आहे. हळूहळू."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. कळलं तर दुकान बंद करतील."

ती रडेल असं मला वाटलं होतं. मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण तिचं तोंड लाल होत गेलं, कानापर्यंत. पाण्यात भिजलेलं घड्याळ कोणी महिनाभरानं घेऊन आलं की माझं होतं, तसं.

"सात महिने?" ती म्हणाली. "आणि त्यातले चार महिने तुम्ही तिकडे जाताय? तीन तीन दिवस?"

"अगं, तुला आवडतं म्हणून..."

"मला मालिका आवडते! तुम्ही इथे नसलेले मला कशाला आवडेल? मी दारात उभी राहते ना रोज!" तिनं बोटांवर हिशेब केला. ओठ हलत होते. "एका महिन्याला बारा दुपारी. चार महिन्यांच्या अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस दुपारी, आजोबा! तेवढ्यात मी स्प्रिंग शिकले असते!"

एवढे महिने मी सगळ्यांवर चिडलो होतो. बाईंवर, रंगाऱ्यावर, मुलावर, या अंगठ्यावर. प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. हिनं मात्र बोटांवर हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर होता. मी लपवण्यात गुंतलो होतो, आणि ज्यासाठी लपवत होतो तेच वाया घालवत होतो. हे मला एकाहत्तर वर्षांचं डोकं असून दिसलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "उद्यापासून नाही जात."

"उद्या नाही. आत्ता." आता मात्र ती रडत होती, आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडत होती. बाहीनं डोळे पुसून तिनं भिंग लावलं, तर ते धुरकट झालं, म्हणून काढून पुन्हा पुसलं. "बाबांना नंतर सांगू. मला जमल्यावर. आता मला काढून द्या ती स्प्रिंग."

मी खणातून जुन्या घड्याळांची डबी काढली, त्यातली एक स्प्रिंग चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर तिच्यासमोर ठेवली आणि तिला मनगट कुठे टेकवायचं, श्वास कधी रोखायचा ते सांगितलं. दहा मिनिटांत तिनं ती पार वाकडी करून टाकली. मी दुसरी काढून दिली.